पंच इन, फ्रूट पंच आणि ठाण्याचा हिंदुपंच

(वाचकांचे प्रश्न, शब्दांची उत्तरं)

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की रोज वापरात असलेला पण नेमका कुठून आला ते कळत नाही असा एखादा इंग्रजी शब्द कळवा, तर यावेळी सगळ्यात जास्त पत्रं आणि मेसेज "पंच" वर आलेत. कळवा, ऐरोली, नेरूळ, नौपाडा, खारघर, सगळीकडून. प्रत्येकाच्या मनातला पंच वेगळा आहे, म्हणून या महिन्याचं सगळं पान याच एका शब्दाला देतेय. पत्रं थोडी लहान केलीत, अर्थ तोच ठेवलाय.

प्रश्न : ताई, मी ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे. सकाळी गेटवर पंच इन करायचं, संध्याकाळी पंच आउट. कंपनीच्या पार्टीत लाल रंगाचं फ्रूट पंच असतं. मुलगा बॉक्सिंगला जातो, तिथे सर पंच शिकवतात. आणि माझे वडील म्हणतात की अरे पंच म्हणजे पाच, एवढं सोपं आहे. हा सगळा एकच शब्द आहे का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : दादा, एक नाही. पी यू एन सी एच या एका स्पेलिंगखाली इंग्रजीत निदान तीन वेगळे शब्द आहेत, एक फ्रान्सवरून आलेला, एक इटलीच्या नेपल्सहून, आणि एक बहुतेक आपल्याकडून गेलेला. आणि मराठीत लिहायला गेलं की त्यात आपला स्वतःचा पंच पण येऊन बसतो, म्हणून गोंधळ आपल्याला इंग्रजांपेक्षा जास्त होतो. तुमचे वडील त्यातल्या एका पंचाबद्दल बरोबर असू शकतात, त्याचं खाली नेरूळच्या पत्रात सविस्तर येईलच.

तुमचा पंच इन आणि तुमच्या मुलाचा पंच हे मात्र सख्खे आहेत. लॅटिनमध्ये पुंगेरे म्हणजे टोचणे. त्यावरून फ्रेंचमध्ये टोकदार हत्याराला पॉन्सॉन म्हणायला लागले, ते इंग्रजीत पंचन झालं आणि मग तोडून नुसतं पंच. हा अर्थ आपल्याकडच्या कामगारांना डिक्शनरी न बघता माहीत आहे. वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही फिटरला विचारा, तो सांगेल की पत्र्याला ड्रिल मारायच्या आधी सेंटर पंच मारून छोटा खड्डा करायचा, नाहीतर ड्रिलचं टोक घसरतं. आयटीआयमध्ये हे पण शिकवतात की सेंटर पंचाचं टोक 90 अंशाचं असतं आणि डॉट पंचाचं 60 अंशाचं. गाडीचा चॅसी नंबर "पंच केलेला" असतो तो याच अर्थाने, लोखंडात टोचून उठवलेला.

आता टोचण्यावरून ठोशावर कसं आलं, तर चौदाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत पंच हे क्रियापद आलं तेव्हा त्याचा अर्थ काठीच्या टोकाने टोचून ढकलणं, गुरं हाकणं असाच होता, आणि अमेरिकेत गुराख्याला काउपंचर म्हणतात ते त्यातूनच. मुठीने मारणं हा अर्थ नंतरचा, सोळाव्या शतकातला. म्हणजे काठीचं टोक गेलं आणि त्या जागी मूठ आली. विनोदाची पंचलाईन पण याच ठोशातून आली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत.

राहिला तुमच्या गेटवरचा पंच इन. तिथे आता बोट टेकवतात नाहीतर चेहरा दाखवतात, भोक कुठेच पडत नाही, तरी शब्द टिकला. पूर्वी कारखान्याच्या गेटवर घड्याळ असलेलं मशीन असायचं, त्यात कामगाराने आपलं कार्ड घालायचं आणि त्यावर भोक पडायचं किंवा वेळ छापली जायची. आपल्याकडे ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांत काम केलेल्या पिढीला ती कार्डं आठवत असतील. आणि इथेच एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण ती तुमच्या आयटीच्या धंद्याशी थेट जोडलेली आहे. हर्मन हॉलरिथ नावाचे अमेरिकन इंजिनियर होते, त्यांनी 1890 च्या अमेरिकेच्या जनगणनेसाठी भोकं पाडलेल्या कार्डांवरून आकडे मोजणारं मशीन बनवलं. प्रत्येक माणसाचं एक कार्ड, आणि वय, लिंग, जन्मस्थान असं सगळं भोकांच्या जागेवरून कळायचं. ही कल्पना कशी सुचली त्याबद्दल त्यांनीच नंतर सांगितलं होतं की रेल्वेने जाताना त्यांनी कंडक्टरला तिकिटावर भोकं पाडताना पाहिलं, आणि त्या भोकांत प्रवाशाचं वर्णन असायचं, केस कसे, डोळे कसे, नाक केवढं, म्हणजे तिकीट दुसऱ्याने वापरू नये म्हणून. हॉलरिथ यांची कंपनी पुढे दुसऱ्या कंपन्यांमध्ये मिळाली आणि 1924 पासून तिचं नाव आयबीएम आहे. म्हणजे रेल्वेच्या तिकिटाच्या पंचापासून कॉम्प्युटरच्या पंच कार्डापर्यंत आणि तिथून तुमच्या ऐरोलीच्या गेटपर्यंत एकच धागा आहे.

आपल्याकडे पण टीसी पुठ्ठ्याचं तिकीट चिमट्याने पंच करायचा, एसटीचा कंडक्टर तोच चिमटा टिकटिक वाजवत गर्दीतून पुढे यायचा. नंतर लोकलच्या स्टेशनांवर कूपनं आली तेव्हा मशीन त्यावर फक्त तारीख-वेळ छापायचं, भोक नाहीच, तरी ठाणे स्टेशनवर सगळे "थांब, कूपन पंच करून येतो" असंच म्हणायचे.

प्रश्न : आमच्या कॉलेज ग्रुपवर एकाने टाकलंय की पंच हे दारूचं ड्रिंक आपल्या नेरूळमध्ये तयार झालं आणि तसं साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पुस्तकात लिहिलंय. खरं आहे का? खरं असेल तर आम्हाला फार अभिमान वाटेल.
– एक वाचक, नेरूळ, सेक्टर सांगत नाही

उत्तर : अर्धं खरं आहे, आणि जे अर्धं खोटं आहे ते तुमच्या नेरूळबद्दलचंच आहे, त्यामुळे आधी ते सांगून टाकते. पुस्तक आहे. जॉन फ्रायर नावाचे ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर 1670 च्या दशकात या किनाऱ्यावर फिरले, आपल्या ठाण्याच्या खाडीतून होडीने कल्याणला आणि तिथून घाट चढून जुन्नरला पण गेले, कारण जुन्नरच्या मुघल सुभेदाराने त्यांना उपचारासाठी बोलावलं होतं. त्यांचं प्रवासवर्णन 1698 मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात नेरुले हे नाव आहे आणि तिथे सगळ्यात चांगला अरक, म्हणजे गाळलेली देशी दारू, बनतो, त्यातून इंग्रज लोक पाँच नावाचं पेय करतात, असं लिहिलंय. पण ते वर्णन गोव्याच्या प्रकरणात आहे आणि ते नेरूळ म्हणजे गोव्यातलं, बारदेशातलं नेरूळ. तो अरकही ते "गोव्याचा नेपा" म्हणूनच सांगतात. आणि पेय तिथे जन्मलं असं फ्रायर कुठेच म्हणत नाहीत, चांगला अरक तिथे मिळतो एवढंच म्हणतात. तेव्हा ग्रुपवर दुरुस्ती टाका, प्लीज, कारण असे मेसेज एकदा फिरायला लागले की दहा वर्षं थांबत नाहीत.

पण उरलेलं अर्धं फार भारी आहे. त्याच वाक्यात फ्रायर पुढे सांगतात की पाँच म्हणजे हिंदुस्थानी भाषेत पाच, पाच जिन्नस घालतात म्हणून हे नाव, जसं वैद्य लोक पाच औषधांच्या मिश्रणाला डायापेंटे म्हणतात आणि चारांच्या मिश्रणाला डायाटेसरॉन म्हणतात तसंच. पाच जिन्नस म्हणजे साधारण दारू, साखर, लिंबाचा रस, पाणी आणि मसाला, मसाल्यात बहुतेक जायफळ. कारण पण समजण्यासारखं आहे, इंग्लंडहून निघालेलं जहाज महिनोन्‌महिने समुद्रात, बिअर आणि वाईन उकाड्यात खराब व्हायची, आणि इकडे किनाऱ्यावर माडीपासून काढलेला अरक स्वस्त आणि भरपूर. अरक नुसता पिणं कठीण, म्हणून त्यात लिंबू-साखर. लिंबू आणि साखर इकडे पिकायचीच.

आता ही पाचाची गोष्ट सगळ्या तज्ज्ञांना पटलेली नाही आणि त्यांच्या शंका मी तुमच्यापासून लपवणार नाही, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर त्या कोणी लिहीत नाही. पहिली शंका उच्चाराची. इंग्रजीत पंच हा शब्द 1632 च्या एका पत्रात सापडतो, ईस्ट इंडिया कंपनीच्याच माणसाने इकडे पूर्व किनाऱ्यावरच्या आपल्या साथीदाराला लिहिलेल्या, म्हणजे फ्रायर यांच्या चाळीस वर्षं आधी. त्या काळात इंग्रज या शब्दातला यू आजच्यासारखा "अ" नाही तर "उ" च्या जवळचा बोलायचे, म्हणजे पुंच. मग पाच किंवा पाँच ऐकणारा माणूस ते पुंच का म्हणेल? दुसरी शंका मोजणीची. मांडेल्स्लो नावाचे एक जर्मन प्रवासी 1638 मध्ये सुरतेला होते, त्यांनी इंग्रजांचं हेच पेय पालेपुंट्स या नावाने लिहून ठेवलंय, आणि त्यात जिन्नस चारच आहेत, दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. पाचवा कुठे गेला? म्हणून काहींचं म्हणणं आहे की हा पाच वगैरे काही नाही, हे पंचन नावाचं दारूचं मोठं पिंप, जे खलाशांच्या रोजच्या ओळखीचं होतं, त्यावरून पेयाला नाव पडलं.

उच्चाराची शंका मला वजनदार वाटते, ती झटकून टाकता येत नाही. पण मोजणीची शंका मराठी माणसाला पटणं कठीण आहे, आणि हे मला अगदी मनापासून सांगायचंय. आपल्याकडे पाचाचं नाव एकदा पडलं की मग कोणी मोजत बसत नाही. पंचामृत बघा, दूध, दही, तूप, मध, साखर हे पाच ठरलेले, पण कितीतरी घरांत त्यात केळं पडतं, तुळशीचं पान तर पडतंच, आणि लग्नाच्या पंगतीत डाव्या बाजूला वाढतात त्या पंचामृतात तर मिरची, चिंच, गूळ, दाणे, खोबरं, तीळ असं सगळं असतं आणि पाच हा आकडा कधीच मागे पडलेला असतो. पंचनाम्याला पोलीस दोन पंच बोलावतात, तरी त्याला कोणी द्विनामा म्हणत नाही. मग एखाद्या सुरतेच्या वखारीत त्या दिवशी चारच जिन्नस हाताला लागले म्हणून पेयाचं नाव बदलायला हवं होतं का? बाहेरून बघणाऱ्याला पाच म्हणजे पाच वाटतो, आपल्याला तो आकडा पण आहे आणि "सगळं नीट जमवलेलं" असा अर्थ पण आहे. माझा कौल पाचाकडे आहे. फ्रायर काही शब्दकोश लिहायला बसलेले नव्हते, पण ते इथे राहिले, इथल्या लोकांशी बोलले, आणि त्या पेयाचं नाव पाचावरून आहे असं त्या काळी या किनाऱ्यावर मानत होते एवढं तरी त्यांच्यामुळे पक्कं कळतं.

पुढची गोष्ट थोडक्यात. खलाशांनी हे पेय इंग्लंडला नेलं, तिथे श्रीमंतांच्या घरात चांदीचे आणि चिनी मातीचे मोठे पंच बाउल आले, आणि इकडे मुंबई, कलकत्त्याला गोऱ्या खलाशांच्या दारूच्या अड्ड्यांना पंच हाउस म्हणायला लागले. मग कधीतरी त्यातली दारू गळाली आणि फ्रूट पंच राहिला, जो आता आपल्या हॉलवर वेलकम ड्रिंक म्हणून छोट्या ग्लासात फिरतो. आणि एक गंमत म्हणजे, पाचाची गोष्ट खरी धरली तर पंच आणि इंग्रजी फाइव्ह हे पण लांबचे नातेवाईक निघतात, कारण आपला पाच, फारसी पंज, ग्रीक पेंटे आणि इंग्रजी फाइव्ह हे सगळे एकाच जुन्या मुळापासून आलेत. फ्रायर यांनी दिलेल्या डायापेंटेमध्ये तोच पेंटे आहे. पंजाबमधला पंज तोच, पाच नद्यांचा. आणि हाताचा पंजा पण तोच, पाच बोटांचा.

प्रश्न : ताई, माझं वय 78. माझे आजोबा ठाण्याच्या हिंदुपंच वर्तमानपत्राबद्दल सांगायचे. लहानपणी मला वाटायचं की पंच म्हणजे न्याय करणारे पंच, गावाचे असतात तसे. आता नातू म्हणतो की तो इंग्रजी पंच आहे. खरं काय?
– एक आजोबा, नौपाडा

उत्तर : आजोबा, तुमच्या पत्राने मला सगळ्यात जास्त आनंद झाला, कारण आज ठाण्यात राहणाऱ्या बहुतेकांना हे माहीतच नाही की एकोणिसाव्या शतकात आपल्या ठाण्यातून मराठी साप्ताहिकं निघायची, अरुणोदय होतं, सूर्योदय होतं आणि तुम्ही म्हणता ते हिंदुपंच होतं. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांवर सगळे लिहितात, ठाण्याच्या वाट्याला एक ओळ येते. या शहराने स्वतःची वर्तमानपत्रं काढली होती हे शाळेत शिकवायला हवं.

तुमचं म्हणणं आणि नातवाचं म्हणणं, दोन्ही ठेवायला हवीत. नाव घेतलं ते लंडनच्या पंच नावाच्या विनोदी साप्ताहिकावरून. तो पंच म्हणजे तिसराच शब्द, पाचाशी किंवा टोचण्याशी त्याचा संबंध नाही. इटलीत नेपल्सच्या बाजूला नाटकांमध्ये पुल्चिनेल्ला नावाचं एक सोंग असायचं, मोठं चोचीसारखं नाक, पाठीला कुबड, तोंडाळ आणि मारकुटं. पुल्चिनो म्हणजे कोंबडीचं पिल्लू, त्यावरून हे नाव आलं असं बरेच जण मानतात. ते पात्र बाहुलीच्या रूपात इंग्लंडला आलं, लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये मे 1662 मध्ये तो इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद त्या काळचे लंडनचे सरकारी अधिकारी सॅम्युअल पीप्स यांच्या डायरीत आहे. इंग्रजांनी त्याचं पंचिनेलो केलं आणि मग नुसतं पंच. हा पंच काठी घेऊन समोर येईल त्याला बडवतो, बायकोला, शिपायाला, फाशी द्यायला आलेल्याला पण, आणि प्रत्येकाला बडवून झालं की स्वतःवरच खूश होतो, म्हणून इंग्रजीत फार खूश माणसाला "पंचासारखा खूश" म्हणतात. आपल्याकडे सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या जपल्यात, त्या बघितल्या असतील तर बाहुलीच्या तोंडून मोठ्यांची खोडी काढण्यात काय मजा असते ते लगेच कळेल, माणसाने तेच म्हटलं असतं तर त्याला शिक्षा झाली असती.

त्याच बाहुलीचं नाव घेऊन 17 जुलै 1841 ला लंडनमध्ये पंच हे विनोदी साप्ताहिक सुरू झालं. त्याच्या पहिल्या संपादकांपैकी एकाचं नाव मार्क लेमन, आणि नाव ठरवताना कोणीतरी म्हणालं की चांगल्या पंचमध्ये लेमन लागतोच, असं सांगतात. म्हणजे बाहुलीचा पंच आणि पेयाचा पंच हे दोन वेगळे शब्द तिथे एका विनोदात भेटले. आज आपण ज्याला कार्टून म्हणतो त्या व्यंगचित्राला ते नाव पण याच साप्ताहिकामुळे मिळालं, 1843 मध्ये. त्याआधी कार्टून म्हणजे मोठ्या चित्राचा जाड कागदावरचा कच्चा आराखडा.

लंडनचा पंच बोटीने इकडे यायचा, इंग्रजी शिकलेले लोक वाचायचे, आणि मग ज्याला त्याला आपला पंच हवासा वाटला. मुंबईत पारशी मंडळींनी 1854 मध्ये पारसी पंच काढला, लखनौला 1877 मध्ये उर्दूत अवध पंच आला, आणि ठाण्याला मराठीत हिंदुपंच. पण इथे तुमच्या लहानपणच्या समजुतीचं महत्त्व येतं. लंडनमध्ये पंच म्हटलं की वाचकासमोर काठीवाली बाहुली यायची. ठाण्याच्या वाचकाला ती बाहुली कुठे माहीत होती? त्याने हिंदुपंच हे नाव वाचलं की त्याला पंचायतीतले पंचच दिसणार, चारचौघांसमोर बरं-वाईट सांगणारे. अक्षरं तीच, उच्चार जवळजवळ तोच, आणि वर्तमानपत्राचं काम तरी दुसरं काय असतं? माझ्या मते ते नाव मराठीत लंडनपेक्षा जास्त शोभलं. तुमच्या नातवाला सांगा की नाव कुठून आलं हे त्याचं बरोबर आहे आणि ठाण्याच्या लोकांनी ते कसं वाचलं असेल हे तुमचं.

प्रश्न : मॅम, मी खारघरला नववीत आहे. पंक्चर, पंक्चुअल आणि पंक्चुएशन हे तिन्ही शब्द पंच सारखेच सुरू होतात. ते पण त्याच फॅमिलीतले आहेत का?
– एक विद्यार्थिनी, खारघर

उत्तर : हो गं, अगदी बरोबर पकडलंस. वर ऐरोलीच्या काकांना सांगितलेलं लॅटिन पुंगेरे, म्हणजे टोचणे, ते तुझ्या तिन्ही शब्दांचं मूळ आहे. पंक्चर सरळच आहे, टायरला टोचलं. टोचल्यावर जो ठिपका उरतो तो पुंक्टुम, त्यातून पॉइंट आला. पंक्चुएशन म्हणजे वाक्यात दिलेले ठिपके आणि खुणा, आणि पंक्चुअल म्हणजे त्या ठिपक्यावर, वेळेच्या बिंदूवर हजर असणारा. पंजंट वास म्हणजे नाकाला टोचणारा. अ‍ॅक्युपंक्चरमधला अ‍ॅक्यु म्हणजे सुई. आणि एक शब्द तू बातम्यांमध्ये ऐकत असशील, विधानसभेत कोणी काही वावगं बोललं की अध्यक्ष म्हणतात ते शब्द एक्स्पंज करा, म्हणजे कामकाजातून काढून टाका. तो पण यातलाच, कारण जुन्या हस्तलिखितांत जे खोडायचं असेल त्याला ठिपके टोचून खूण करायचे.

तुला अजून एक सांगते, ते तुझ्या पुस्तकांशी जोडलेलं आहे. छापखान्यात पूर्वी प्रत्येक अक्षरासाठी आधी एक पोलादी पंच कोरावा लागायचा, त्याच्या टोकावर उलटं अक्षर, तो मऊ तांब्यावर ठोकला की साचा तयार, आणि साच्यात शिसं ओतलं की खिळा. म्हणून छपाईच्या अक्षरांना मराठीत खिळे म्हणतात. बंगालमध्ये चार्ल्स विल्किन्स यांच्याबरोबर 1778 च्या बंगाली व्याकरणासाठी खिळे बनवणारे जे कारागीर होते त्यांचं नाव पंचानन कर्मकार. पुढे बंगालमधल्याच श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात त्यांनी देवनागरीचे पण पंच कोरले, आणि त्याच छापखान्यातून 1805 मध्ये विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरण बाहेर पडलं. पंचानन म्हणजे पाच तोंडांचा, शंकराचं नाव. इंग्रजी पंच कोरणाऱ्या माणसाच्या नावात आपला पंच होता, हा निव्वळ योगायोग आहे पण मला तो फार आवडतो. छपाईचा इतिहास सांगताना साहेबांची नावं आधी येतात, पण एकेक वेलांटी आणि जोडाक्षर पोलादात कोरणारा हात कोणाचा होता ते तू लक्षात ठेव.

प्रश्न : मी कळव्याला मुलांना बॉक्सिंग शिकवतो. पाच बोटं मिटून मूठ होते म्हणून ठोशाला पंच म्हणतात असं मी मुलांना सांगतो. बरोबर आहे ना?
– एक कोच, कळवा

उत्तर : सर, हे सांगणं थांबवा अशी विनंती करते, कारण ठोशाचा पंच टोचण्यावरून आलाय, पाचावरून नाही, वर त्याचं सगळं दिलंय. पण मुलांना सांगायला त्याहून चांगली गोष्ट तुमच्याकडे आहे. मुठीला इंग्रजीत फिस्ट म्हणतात आणि बोटाला फिंगर, आणि हे दोन्ही शब्द त्या जुन्या पाचाच्या मुळापासून निघाले असावेत असं अनेक भाषातज्ज्ञांना वाटतं. म्हणजे पाच आहे तो ठोशात नाही, मुठीत आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या क्रिकेटमध्ये वाद झाला. मराठी पेपरात अंपायरला पंच लिहितात. अंपायर तर दोन असतात, मग पाच कुठून आले? आणि "पंचाईत झाली" म्हणतो ती पण हीच का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : पंचाईत हीच. पाच जणांनी बसून निवाडा करायचा ती पंचायत, आणि ज्यात असा निवाडा करायची वेळ येते अशी अडचण म्हणजे पंचाईत. पुढे नुसती अडचण राहिली, निवाडा करणारे गेले. पंच शब्दाचंही तेच झालं, पाच माणसं गेली आणि निवाडा करणारा तो पंच, मग तो एकटा असला तरी, म्हणून अंपायरला पंच म्हणणं अगदी योग्य आहे.

आणि सोसायटीच्या वादात हे पण सांगा की अंपायर या इंग्रजी शब्दात सुद्धा आकडाच दडलाय. तो मुळात फ्रेंचवरून आलेला नंपायर, त्याचा अर्थ जोडीतला नसलेला, विषम. दोघांचं भांडण असेल तर दोन्ही बाजूंना नसलेला तिसरा माणूस. इंग्रजीत "अ नंपायर" असं म्हणता म्हणता त्यातला न आधीच्या अ ला चिकटला आणि "अ‍ॅन अंपायर" झालं, जसं नेप्रनचं एप्रन झालं. निवाडा करणारा विषम संख्येत हवा, नाहीतर मतं बरोबरीत सुटतात, हे त्यांनी तीनावरून धरलं आणि आपण पाचावरून.